पान ११२ पासून 'तुम्ही'

४ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार करायचा तो समोर येऊन, वाकून, असं तूच म्हणतेस. म्हणून इथे लिहीत नाही, भेटीत करीन.

सोबतच्या जाडजूड पाकिटात काय आहे ते वजनावरून ओळखलं असशील. शाळेतून घरी आल्यावर, वह्या तपासून झाल्यावर, जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा अडवून दोन वर्षं जो अनुवाद करत होते, त्याचं अखेर पुस्तक होतंय. छापखान्यातून पहिली मुद्रितं आली आहेत. एकशे चौऱ्याऐंशी पानं. मार्चअखेर तपासून परत द्यायची आहेत. प्रकाशक म्हणाले, आमच्याकडे तपासणारा माणूस आहे. मी म्हटलं, माझ्याकडे मावशी आहे. चाळीस वर्षं ज्या बाईने दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ केल्या, तिला डावलून मी पुस्तक काढलं तर तू मला दारात उभी करणार नाहीस.

पुस्तक म्हणजे एका बाईने स्वतः लिहिलेली आपली कहाणी आहे. ती गुलाम म्हणून जन्मली. आठव्या वर्षी आईपासून तोडून तिला दुसऱ्या घरी विकलं. तिशीपर्यंत त्या घरात राबली. मग कायदा बदलला आणि सुटकेचा कागद हातात आला. पुढे लोकांचे कपडे धुऊन पोट भरलं, चोरून शिकलेली अक्षरं पक्की केली आणि म्हातारपणी हे लिहून काढलं. बाई रडकी मात्र नाही. मालकिणीची नक्कल अशी करते की तू हसशील.

आता माझी अडचण. मूळ भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' यांना एकच शब्द आहे. आपल्याकडे तसं चालत नाही. गुलाम असताना सगळे तिला 'तू'च म्हणणार. पण सुटल्यावर? कागद मिळाला त्या पानापासून 'तुम्ही' करून पाहिलं, तर ते खोटं वाटायला लागलं. कालपर्यंत 'ए' म्हणणारी मालकीण आज 'अहो' कुठून म्हणेल? शेवटी सगळीकडे 'तू'च ठेवलं. पण सत्तरीच्या बाईला परवाचा दुकानदार 'तू' म्हणतो, ते वाचलं की माझंच डोकं फिरतं. तू सांग. तुझा शब्द शेवटचा.

बारकी कशी आहे? तिला विचारलंय म्हणून सांग.

तुझी ठमी

---

१३ जानेवारी

प्रिय ठमे,

अक्षर माझं नाही, हे पहिल्या ओळीतच तुझ्या लक्षात आलं असेल. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्या आठवड्यात काढला. डाव्याचा मार्चच्या सुरुवातीला काढायचा आहे. तोवर वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही असं डॉक्टरने बजावलंय. म्हणून मी सांगते आहे आणि बारकी लिहिते आहे.

(तुला कळवायचं नाही असं ठरलं होतं. मी कळवणारच होते.)

ती मधे मधे कंसात काहीतरी घुसडते आहे असा मला संशय आहे. तिकडे लक्ष देऊ नकोस.

मुद्रितांचं काम अडणार नाही. छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मुद्रितावर नजर ठेवायचा. इथे बारकी मुद्रितच वाचते आणि मी डोळ्यावर पट्टी बांधून कानाने चुका पकडते. खिडकीजवळ माझी खुर्ची, समोर तिचं स्टूल, मधे पानं. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, सगळं म्हणायचं असा नियम घातलाय. 'माझा जन्म स्वल्पविराम आई सांगायची स्वल्पविराम कापणीच्या दिवसांत झाला पूर्णविराम.' आता तिला सवयच लागली आहे. काल मागच्या दारातून म्हणाली, दूध नासलं पूर्णविराम.

(एकदाच म्हटलं होतं.)

पहिल्याच दिवशी तिला ताकीद दिली आहे. वाचणाऱ्याने छापलेलं वाचायचं, मनातलं नाही. प्रतीला हात लावायचा नाही, चूक दिसली तरी. चूक ठरवणारी मी. छापखान्यात या एका कारणावरून माणसांना घरी जाताना मी पाहिलं आहे.

तशी ती वाचते छान. वाचेल नाही तर काय, मीच शिकवलं तिला. मला छापखान्यात नोकरी लागली त्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. महिन्याभरात घडाघडा वाचायला लागली. माझी शिकवण्याची हातोटीच तशी होती. नोकर म्हणून तिला या घरात कुणी वागवलं नाही. ती काय, आमच्या घरातलीच आहे.

तुझ्या तू-तुम्हीचं पूर्ण ऐकल्यावर सांगेन.

तुझी मावशी

(निरोप पोचला. जेवायच्या टेबलावर पुस्तक लिहितेस, मग जेवतेस कुठे? — बारकी)

---

२१ जानेवारी

प्रिय मावशी,

डोळा कापून घेतलास आणि मला पत्ता नाही! एवढी वर्षं स्वल्पविरामापायी लोकांना धारेवर धरलंस आणि इथे अख्खं ऑपरेशन गाळलंस. मार्चमध्ये मी येणार, तू नको म्हणालीस तरी.

पण खरं सांगू, राग फार टिकला नाही. तुम्ही दोघी खिडकीशी बसून माझं पुस्तक वाचताय हे डोळ्यासमोर आलं आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले. पत्र दोनदा वाचलं. एकदा तुझ्यासाठी, एकदा कंसांसाठी.

ठमी

---

७ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

एकशे पन्नास पानं झाली. चुकांची यादी वेगळ्या कागदावर आहे. एकूण काम स्वच्छ आहे. 'आणी' दोनदा सापडलं. लाज वाटू दे.

बाई आवडली मला. मालकीण पाहुण्यांना सांगते, 'ही काय, आमच्या घरातलीच आहे', आणि बाई हातातलं ताट सावरत पुढे लिहिते, 'घरातलीच होते, म्हणून पायरीवर जेवत होते.' फार चपखल वाक्य जमलंय. तुला सुचलं कुठून?

(ते मी दोनदा वाचलं. त्यांनी दोनदा मागितलं नव्हतं.)

पान ८७ वर मी एक शब्द खोडायला लावला आणि नंतर कळलं की तोच बरोबर होता. तेव्हा बारकीला खूण शिकवली. चुकून खोडलेल्या शब्दाखाली ओळीने टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. म्हणजे छापखान्यातला माणूस त्याला हात लावत नाही.

(एवढी एकच खूण मला आवडली. बाकीच्या सगळ्या चुका काढायच्याच.)

आता मुद्द्याचं. सुटकेचा कागद पान ९६ वर येतो. त्यानंतरही बाई चार वर्षं त्याच घरी तेच काम करत राहते, सगळे तिला 'तू'च म्हणतात. ठीक. मग पान ११२ येतं. भर दुपारी मालकीण वरून हाक मारते. बाई मागच्या पायरीवर वाडगाभर पाणी घेऊन नुकती टेकलेली असते. ती म्हणते, 'पाणी पिऊन होऊ दे, मग येते.' आणि खरंच वाडगा रिकामा होईपर्यंत उठत नाही. प्रसंग सुरेख आहे. पण लगेच पुढच्या ओळीला मालकीण म्हणते, 'तुम्ही खाली करताय काय?' आणि तिथून पुढे जो येतो तो बाईला 'तुम्ही' म्हणतो. दुकानदारसुद्धा. तू तर लिहिलं होतंस की शेवटपर्यंत 'तू' ठेवलंय. मग हा विसराळूपणा आहे की विचार बदललास? बदलला असशील तर शाबास. जागा अचूक निवडलीस. कानाला इतकं बरोबर लागलं की मी दुरुस्ती सांगायचं विसरले.

तुझी मावशी

---

१५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शाबासकी परत घे, ती माझी नाही. माझ्याकडे मुद्रितांची दुसरी प्रत आहे, ती आज पान अन् पान पाहिली. ११२ च्या आधी 'तू' आहे आणि नंतरही 'तू'च आहे. शेवटच्या ओळीपर्यंत. मी काहीही बदललेलं नाही.

मग तुला 'तुम्ही' ऐकू आलं कुठून? बारकीला चष्मा लागला असेल का? सत्तरी आली तिची. तुझ्याबरोबर तिचेही डोळे दाखवून घे.

ठमी

ता. क. तुझ्या त्या पत्रात शेवटी एकही कंस नव्हता. तिची तब्येत बरी आहे ना?

---

२४ फेब्रुवारी

ठमे,

पट्टी काढून लिहिते आहे. ओळी वाकड्या जाताहेत, जाऊ देत.

तुझं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं. एक अक्षर गाळलं नाही. 'मी काहीही बदललेलं नाही' हे वाचलं, चष्म्याचंही वाचलं. ता. क.सुद्धा. शेवटी म्हणाली, प्रश्नचिन्ह.

मी विचारलं, तू बदललंस? म्हणाली, हो. म्हटलं, एवढं बजावूनही? म्हणाली, हो. मला फसवलं गं तिने. चाळीस वर्षांत माझ्या समोर बसून कुणी प्रत बदलली नाही. मी 'शाबास' लिहायला सांगत होते तेव्हा ती शांतपणे ते लिहीत होती. माझा तोल गेला. मी म्हटलं, तुला कुणी विचारलं होतं?

ती म्हणाली, 'नाही. कधीच नाही.'

पत्राची घडी घालून पाकिटात ठेवली, पानं एकसारखी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून बहिणीकडे निघून गेली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. येईल दोन दिवसांत. जाणार कुठे?

हे लिहिते आहे तो आज सातवा दिवस. डाव्या डोळ्याची तारीख पुढे ढकलली आहे. चौतीस पानं राहिली आहेत.

मावशी

---

१ मार्च

प्रिय ठमीस,

मी आपल्या हाताने, आपल्या मनाने लिहिलेलं हे पहिलंच पत्र. आजवर लिहिली ती दुसऱ्यांची. चुका असतील तर तुझ्या मावशीला दाखवू नकोस. ती काढत बसेल.

मी बहिणीकडे आहे. इथे खोली एकच पण ऊन छान येतं. बहीण मला काही करू देत नाही. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवसापासून हात शिवशिवताहेत.

तुझं पुस्तक मी बिघडवलं असेन तर माफ कर. मुद्दाम ठरवून नाही केलं. ते पाण्याचं वाचलं आणि पुढचं 'तू' तोंडातून निघेचना. कागद मिळाला त्या दिवशी ती होती तीच होती. कागद दुसऱ्याने दिला होता. पण पाणी पिऊन होईपर्यंत उठली नाही, ते तिचं तिने केलं. त्यानंतर तिला 'तू' म्हणायला मी कोण?

एक सांगते, गैरसमज नको. तिच्या दुःखापुढे माझं काहीच नाही. तिला विकलं. मला विकलं नाही. वडिलांनी अकराव्या वर्षी आणून तुझ्या आजीच्या दारात सोडलं, कारण घरी खाणारी तोंडं फार होती. मला जेवण मिळालं, कपडे मिळाले. माया पण मिळाली, खोटं कशाला बोलू. फक्त मला कुणी काही विचारलं नाही. राहतेस का, जातेस का, काय म्हणू तुला. बारीक होते म्हणून बारकी. आता दारातून आडवी जाते तरी बारकीच.

आणि ते शिकवण्याचं. मला आधीच वाचता येत होतं. तुझी मावशी लहानपणी धडे मोठ्याने पाठ करायची आणि मी केर काढताना तिच्या मागून पुस्तकात बघायची. फळीवर घातलेल्या छापील कागदांवर सराव केला. तुझ्या आजीला कळलं असतं तर म्हणाली असती, वाचत बसलीस तर काम कोण करणार. म्हणून बोलले नाही. पुढे तुझ्या मावशीने शिकवायला घेतलं तेव्हा तिला इतका आनंद होत होता की सांगवेना. महिनाभर 'क' आणि 'फ' मुद्दाम चुकवले.

खरी गोष्ट आता लिहिते. ती नऊ वर्षांची होती आणि मी अकरा. पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकींना 'तू' म्हणायचो. जिन्याखाली आमची जागा होती. भांडायचो, झिंज्या उपटायचो. मग एक दिवस कपडे वाळत घालताना तुझी आजी मला म्हणाली, आता तिला 'तुम्ही' म्हणायचं. मी म्हणायला लागले. ती मला 'तू'च म्हणत राहिली. त्याचं मला वाईट नाही वाटत. मला 'तुम्ही' नको आहे. कुणी म्हटलं तर मी मागे वळून बघेन की कोण आलं. माझं 'तू' गेलं, ते मला हवं आहे.

हे तिला सांगायचं नाही. शपथ आहे तुला. तिचं तिला आठवलं तर आठवू दे.

डाव्या डोळ्याचं काय झालं ते कळव. थेंब टाकताना ती डोळा घट्ट मिटते. खालची पापणी ओढून धरावी लागते.

तुझी
बारकी

---

८ मार्च

प्रिय मावशी,

तुला वाचता यावं म्हणून बोटभर अक्षरात लिहिते आहे. म्हणून थोडंच लिहिते.

एक. पान ११२ पासून 'तुम्ही' छापायचं. माझा निर्णय झाला. मी दोन वर्षं शोधत होते ती जागा बारकीला वाचता वाचता सापडली. ती अनुवादाची चूक नव्हती, अनुवाद होता.

दोन. ती माझ्या आईपेक्षा मोठी आणि मी तिला बारकी म्हणते. बाईंच्या 'तू'बद्दल माझं डोकं फिरतं आणि बारकीचे डोळे तपासून घे असं मी लिहिते. मला लाज वाटली.

तीन. एक प्रश्न विचारते. लहानपणी, जिन्याखाली, ती तुला काय म्हणायची?

ठमी

---

२५ मार्च

प्रिय ठमे,

तुझी बोटभर अक्षरं वाचली. तिसरा प्रश्न वाचून पत्र उलटं ठेवलं आणि आधी भांडी घासून घेतली.

मग आठवलं. म्हणजे मी विसरले नव्हतेच गं. आई तिला सांगत होती तेव्हा मी तिथेच होते, वाळत घातलेल्या चादरीच्या पलीकडे. सगळं ऐकलं. मला वाटलं असतं तर म्हणाले असते, आई, नको. पण मला ते आवडलं होतं. अकरा वर्षांची मी, आणि मला कुणीतरी 'तुम्ही' म्हणणार होतं! दोन दिवस आरशात बघून घेतलं. पुढे सवय झाली आणि मग ते दिसेनासंच झालं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेली, आणि ही माझी, रोज कानावर पडणारी.

चौदा तारखेला बस पकडून तिच्या बहिणीकडे गेले. एक डोळा नवा, एक जुना, त्यामुळे प्रत्येक पायरी दोनदा दिसत होती. ती उन्हात बसून शेंगा सोलत होती. वाटेत सगळं पाठ करून गेले होते. समोर उभी राहिले आणि म्हटलं, 'माझं चुकलं. तुम्ही घरी चला.'

तिने मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मग माझ्याकडे बघून म्हणाली, 'अजून रागच आहे वाटतं माझ्यावर. एकदम तुम्ही?'

बहीण हसायला लागली, मग तीही. मी तिथेच पायरीवर बसले आणि चादरीचं सांगितलं. मला ते आवडलं होतं, हेही सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली. सगळ्या शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, 'डोळ्यात थेंब टाकले का आज?' मी नाही म्हटलं. 'वाटलंच,' म्हणाली आणि पिशवी भरायला उठली. पण त्याआधी मी विचारलं, यायचंय का तुला? हे विचारायचंच होतं मला. ती थांबली. थोडा विचार केला, खरंच केला. मग म्हणाली, 'हो. पण वर्षातून एक महिना मी इथे राहणार.' मी बरं म्हटलं. नसतं म्हटलं तरी ती राहिली असतीच.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरलंय. तू ये. उरलेली पानंही काल संपली. पान ११२ पासूनचे सगळे 'तुम्ही' तिने स्वतः लाल शाईने घातले आहेत. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. मुद्रितं उद्या रवाना होतील. 'क' आणि 'फ'चंही तिने कबूल केलं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. महिनाभर राबले होते गं मी त्या 'फ'साठी.

(अजून बोलत नाही नीट. — बारकी)

तुझी मावशी

ता. क. एक राहिलंच. काल दुपारी शेवटची चार पानं उरली होती. मी खुर्चीवरून हाक मारली, 'बारके, ये, वाचून टाकू.' ती मागच्या दारात चहा घेऊन बसली होती. आतल्या आत माझी घाई चालली होती, तेवढ्यात तिचं उत्तर आलं. मला आधी वाटलं आपल्या कानांचंही ऑपरेशन करायला हवं. मग हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि तिचा चहा संपेपर्यंत शांत बसून राहिले. सत्तावन्न वर्षांनी ऐकलं गं. डॉक्टरने रडायला बंदी केलेली नाही, ते बरं झालं. ती कप विसळून आली, स्टुलावर बसली आणि काही झालंच नाही अशी वाचायला लागली.

तिचं वाक्य जसंच्या तसं इथे लिहून ठेवते आहे. खाली टिंबं दिली आहेत.

'थांब गं तू जरा, चहा होऊ दे माझा.'
. . . . . . . . . . . . . . . . . .

राहू द्या.